ताडी, वाईन आणि डोकेदुखीची गोळी

डहाणू-तलासरी भागात ताडी, मोहाची दारू आणि बोर्डीकडची चिकूची वाईन ही सगळी पेये मिळतात. प्यायल्यावर डोके दुखले की गावातल्या दुकानातून एखादी गोळी आणली जाते. डोकेदुखीच्या कारणांबद्दल आणि त्याहून अधिक या गोळीबद्दल बरेच गैरसमज आहेत.

वाईनमधल्या सल्फाइटने डोके दुखते, असे सर्रास सांगितले जाते. पांढऱ्या वाईनमध्ये सल्फाइट बहुधा लाल वाईनपेक्षा जास्त असते, तरी डोकेदुखीची तक्रार लाल वाईनचीच अधिक होते. सल्फाइटचा खरा त्रास दम्याच्या काही रुग्णांना होतो. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी लाल द्राक्षांच्या सालीतल्या क्वेर्सेटिनकडे बोट दाखवले. त्याच्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ मद्यापासून बनणाऱ्या त्रासदायक अ‍ॅसिटाल्डिहाइडचा निचरा अडवतो, असे परीक्षानळीत दिसले.

ताडी झाडाची, म्हणून निरुपद्रवी, हा समजही तितकाच कच्चा आहे. पहाटेची गोड नीरा काही तासांतच आंबते आणि तिच्यातल्या मद्यापासूनही शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइडच तयार होते. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध सापडलेले आहे. हातभट्टीच्या दारूत मिसळलेले मिथेनॉल तर जीवघेणे असते. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे त्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. पिऊन बारा-चोवीस तासांनी डोके दुखू लागले, उलट्या झाल्या आणि नजर धूसर झाली, तर गोळीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे लागते.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य असते, म्हणून ते दारूवर चालते असे मानतात. धोका पोटाला नसून यकृताला आहे. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात हे विष जास्त बनते, आणि उपाशीपोटी राहण्याने ग्लुटाथायोनचा साठाही आटलेला असतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम असते. नियमित पिणाऱ्यांना साधारण 2 ग्रॅमच्या आत राहण्यास सांगतात, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या तीनच गोळ्या. क्वचित पिणाऱ्याने घेतलेल्या एका गोळीने सहसा बिघडत नाही. मात्रा जास्त झाली तर पहिल्या दिवशी फक्त मळमळते, मग बरे वाटल्याचा भास होतो आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते. उतारा असलेले औषध पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी ठरते.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. मद्यही तेच अस्तर चुरचुरवते. त्यामुळे रक्तस्राव होऊन शौच डांबरासारखी काळी होऊ शकते. सुई घेतली तर पोट वाचते, ही समजूत खोटी आहे, कारण औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोचते. पिण्याआधीच गोळी घेऊन ठेवल्यानेही हाच धोका ओढवतो. कॉम्बिफ्लॅमसारख्या जोडगोळीत आयब्युप्रोफेनसोबत पॅरासिटामॉलही असते, त्यामुळे वरून क्रोसिन ही पॅरासिटामॉलचीच गोळी घेतल्यास मात्रा नकळत वाढते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक मद्याबरोबर श्वासच मंदावू शकते.

पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण आहेत. मद्याने शरीरातले पाणी कमी होते आणि त्यांच्या वेदना उसळू शकतात. अशा वेळी दारू प्यायल्याचे डॉक्टरांपासून लपवले, तर वेदनाशामकाची निवडच चुकण्याचा संभव असतो.