जुन्या क्लबांचे नवे मोजमाप

दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर एखादा माणूस पुन्हा आपल्या खेळाकडे वळतो, तेव्हा दोन गोष्टी बदललेल्या असतात. एक त्याचे शरीर आणि दुसरी खेळाची साधने. गोल्फमध्ये हा बदल फार ठळक दिसतो. त्यामुळे परतलेल्या खेळाडूपुढे प्रश्न उभा राहतो : माळ्यावर ठेवलेले जुने क्लब दुरुस्त करून, आपल्या मापाचे करून वापरावेत की ते टाकून नवे घ्यावेत? पाश्चात्त्य देशांत असे जुने क्लब हौसेने पुन्हा बांधून घेणारे पुष्कळ आहेत. हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटला, तरी त्याचा बराचसा भाग अकरावीच्या पदार्थविज्ञानाने सोडवता येतो. तो कसा, हे आपण येथे पाहू.

लाकडापासून टायटॅनियमपर्यंत

गोल्फच्या क्लबचे तीन भाग असतात : हाताची मूठ, लांब दांडा आणि चेंडूवर आदळणारे डोके. शंभर वर्षांपूर्वी दांडा हिकरी या लाकडाचा असे. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातले अमेरिकन झाड. त्याचे लाकूड चिवट असते; आपल्याकडे कुदळीचा दांडा निवडताना जो गुण पाहतात, तोच हा. पण फटका मारताना हिकरीचा दांडा वाकतो तसा पिळतोही, म्हणून डोक्याची दिशा सांभाळणे कठीण जाते. पोलादी दांड्याला अमेरिकेतील नियामक संस्थेने १९२४ मध्ये, तर स्कॉटलंडमधील संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली आणि हिकरी मागे पडली.

लांब पल्ल्याच्या क्लबचे डोके पर्सिमॉन या लाकडाचे असे. पर्सिमॉन आणि आपली टेंभुर्णी, जिच्या पानांत विडी वळतात, या एकाच प्रजातीतल्या वनस्पती आहेत. १९७९ मध्ये पोकळ पोलादी डोके बाजारात आले, पुढे टायटॅनियम आले आणि लाकूड जवळजवळ नाहीसे झाले.

यामागचा हिशेब साधा आहे. डोक्याचे वस्तुमान तेव्हा सुमारे २०० ग्रॅम होते आणि आजही तितकेच आहे. भरीव लाकूड, तळाची धातूची पट्टी आणि आत ओतलेले शिसे मिळून २०० ग्रॅम झाले, की घनफळ २०० घन सेंटिमीटरच्या पुढे फारसे जात नाही. टायटॅनियमची घनता ४.५ आहे, म्हणजे २०० ग्रॅममध्ये धातू मिळतो अवघा ४४ घन सेंटिमीटर. पण त्याचे पातळ कवच केले, तर नियमाने ठरवलेल्या कमाल ४६० घन सेंटिमीटरपर्यंत डोके फुगवता येते. तेवढ्या घनफळाचा गोल कल्पून विद्यार्थ्यांना कवचाची सरासरी जाडी काढायला सांगावी. उत्तर सुमारे दीड मिलिमीटर येईल.

चेंडू किती वेगाने निघतो?

नियमानुसार चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. डोके आणि चेंडू यांची टक्कर सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकते. एवढ्या वेळात दांड्याला किंवा हातांना काही करायला वाव नसतो. म्हणून डोके मोकळे आहे असे समजून संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावला तरी चालते. चेंडूचा वेग

v = U (१ + e) ÷ (१ + m/M)

येथे U हा डोक्याचा वेग, m आणि M ही अनुक्रमे चेंडू व डोके यांची वस्तुमाने आणि e हा उसळीचा गुणांक. डोक्याच्या पृष्ठाचा तिरपेपणा आम्ही सोपेपणासाठी सोडून दिला आहे. U = ४० मीटर प्रतिसेकंद, M = २०० ग्रॅम आणि m = ४६ ग्रॅम घेऊ. लाकडी डोक्यासाठी e = ०.७८ धरला, तर v सुमारे ५८ मीटर प्रतिसेकंद येतो. धातूचे पातळ पृष्ठ किंचित दबून परत उसळते, त्यामुळे e वाढतो. नियमाने त्यावर ०.८३ च्या आसपास मर्यादा घातली आहे. तेवढा e घेतल्यास v सुमारे ५९.५ येतो. फरक तीन टक्क्यांहूनही कमी!

याच आकड्यांवरून टकरीतले सरासरी बल काढले, तर ते पाच हजार न्यूटनहून अधिक, म्हणजे अर्ध्या टनाच्या वजनाइतके येते. म्हणून जुने लाकडी डोके वापरण्यापूर्वी त्याला चीर गेली नाही ना आणि डोके व दांडा यांचा सांधा घट्ट आहे ना, हे तपासलेच पाहिजे. वाळून ढिले झालेले डोके सुटून उडाले, तर इजा होऊ शकते.

लांबीचा सौदा

जुना लांब पल्ल्याचा क्लब साधारण ४३ इंचांचा, तर आजचा ४५ ते ४६ इंचांचा असतो. कोनीय वेग तोच राहिला, तर लांबी ४३ वरून ४५.५ इंच झाल्यावर टोकाचा वेग सुमारे ६ टक्के वाढेल. पण जडत्व-परिबल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकट्या डोक्याचा विचार केला तरी ते १२ टक्के वाढते. म्हणजे तोच कोनीय वेग मिळवायला स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. नवे दांडे कार्बन-तंतूंचे, पोलादाच्या निम्म्या वजनाचे असल्याने हा बोजा थोडा हलका होतो. जुन्या पोलादी दांड्यात ती सोय नाही. बऱ्याच काळाने परतलेल्या माणसाचे खांदे आणि मनगटे आखडलेली असतात. त्याने क्लब आखूड ठेवला, तर थोडे अंतर गमावून त्याला ताबा मिळतो. चेंडूची दिशा केवळ दोन अंशांनी चुकली, तरी २०० मीटरवर तो ७ मीटर बाजूला पडतो, हे लक्षात घेता हा सौदा वाईट नाही.

क्रमांकाचा घोटाळा

परतलेल्या खेळाडूची एक नेहमीची तक्रार असते : ‘सात नंबरच्या क्लबने इतरांचा चेंडू माझ्यापेक्षा फार लांब जातो, माझी ताकद गेली.’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी कोनमापक हाती घ्यावा. जुन्या सात नंबरच्या क्लबाचे पृष्ठ उभ्या रेषेशी साधारण ३८ अंश तिरपे असे. आजच्या अनेक संचांत तोच कोन ३० अंशांच्या आसपास आहे. तिरपेपणा कमी म्हणजे चेंडू कमी उंच उडणार आणि पुढे अधिक जाणार. नंबर सारखा असला, तरी साधन सारखे नाही. घडीव मऊ पोलादाचे जुने डोके असेल, तर कारागीर मानेपाशी ते एक-दोन अंश वाकवून कोन सुधारून देतो. म्हणून आपल्या संचातील प्रत्येक क्लबाचा कोन मोजून त्यांत समान अंतर ठेवणे, हे दुरुस्तीतले पहिले काम.

वजन कोठे चिकटवावे?

दुसरे काम वजनाचे. क्लब तोलण्याचा एक काटा असतो. त्याचा टेकू मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर असून डोके किती ‘जड लागते’ ते त्यावर मोजतात. डोक्याला शिशाची पट्टी चिकटवली, की हा आकडा वाढतो. जड मूठ बसवली, की कमी होतो. ४३ इंचांच्या क्लबाला डोक्यापाशी २ ग्रॅम शिसे लावले, तर मुठीत सुमारे साडेसहा ग्रॅम वाढवून काटा पूर्ववत करता येतो. मात्र येथे एक मेख आहे. काटा बलाचे परिबल दाखवतो, म्हणजे अंतराचा पहिला घात. फिरवताना हाताला जाणवते ते जडत्व-परिबल, म्हणजे अंतराचा वर्ग. मुठीतले वजन हातापाशीच असल्याने त्यात जवळजवळ काहीच भर घालत नाही, पण डोक्यावरचे दोन ग्रॅम घालतात. काट्यावर सारखे असलेले दोन क्लब म्हणूनच हाताला वेगळे लागू शकतात.

हाताची जाणीव दुबळी असते असे मात्र समजू नये. १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारे बॉबी जोन्स यांनी हिकरीचे क्लब केवळ हाताने तोलून निवडले होते. नंतर ते मोजले, तेव्हा एक सोडून सगळे एकमेकांशी जुळले आणि जो जुळला नाही, तोच त्यांना कायम त्रास देत असे, अशी हकिगत सांगितली जाते.

दुरुस्तीची मर्यादा

लांबी, कोन, वजन, मूठ, दांडा हे सारे बदलता येते. एक गोष्ट मात्र बदलता येत नाही : डोक्यातील वस्तुमानाची वाटणी. चेंडू डोक्याच्या मध्यावर न लागता दोन सेंटिमीटर बाजूला लागला, तर डोके गुरुत्वमध्याभोवती पिळते. वेगही जातो आणि दिशाही. मोठ्या पोकळ डोक्यात वस्तुमान कडेला सरकलेले असते, त्यामुळे ते कमी पिळते. नव्या साधनाचा खरा फायदा म्हणूनच चांगल्या फटक्यात कमी आणि चुकलेल्या फटक्यात अधिक आहे. परतलेल्या खेळाडूचे फटके सुरुवातीला चुकणारच. तेव्हा उत्तर असे : अंतरासाठी जुने क्लब टाकण्याचे कारण नाही, पण ज्याला चुकांची माफी हवी आहे, त्याला ती शिशाच्या पट्टीने मिळणार नाही. जो सराव करून मध्यावर मारायला शिकेल, त्याला जुना क्लब पुरेल.

वर्गात काय करावे?

गोल्फचा क्लब शाळेत मिळणार नाही, पण क्रिकेटची बॅट मिळेल. मुठीच्या टोकाशी दोरी न बांधता आडवी सळई घट्ट बसवून बॅट लंबकासारखी लहान कोनातून झुलवावी. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजून आवर्तकाल T काढावा. मग L = gT²/४π² या सूत्राने आघात-केंद्राचे आसापासूनचे अंतर मिळते. उदाहरणार्थ, T = १.६ सेकंद असेल, तर L सुमारे ६४ सेंटिमीटर. तेथे खडूची खूण करून चेंडू त्या जागी आणि इतरत्र आदळवावा. हाताला बसणारा झटका कोठे कमी लागतो, ते मुलांनी स्वतः सांगावे.

त्यानंतर मोठ्यांची बॅट आणि लहान मापाची बॅट, दोन्ही पाचवीतल्या मुलाच्या हाती द्याव्यात. पूर्ण मापाची बॅट त्याला फिरवता येत नाही, याचा दोष आपण बहुधा त्याच्या कमकुवतपणाला देतो. आधी साधन मोजावे आणि मगच माणसाविषयी मत बनवावे, एवढे त्याच्या शिक्षकांच्या लक्षात आले तरी या गणिताचे चीज झाले.