मुलगा परदेशी, कार्ड बंद

तळोजा एमआयडीसीत नोकरी लागली की नावडे या आमच्या गावातल्या घरात पगाराबरोबर ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड यायचं. १९४८ च्या त्या कायद्यात कामगाराची बायको-मुलं यायची, तसे त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही यायचे. त्या एका कार्डावर वाशीच्या ईएसआय रुग्णालयात बापाचं ऑपरेशन व्हायचं, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळायच्या. गेल्या पंचवीसेक वर्षांत आमच्या गावातून, तळोज्यातून, पनवेलमधून आखातात आणि पुढे इंग्लंड-कॅनडात गेलेल्यांच्या आजारपणाचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात या कार्डापासून करावी लागते. कारण मुलाने कारखाना सोडला की ते बंद व्हायचं. लगेच नाही. आधी भरलेल्या वर्गणीवर काही महिने उपचार चालू राहायचे, मग थांबायचे. तिकडे मुलाला नवं कार्ड मिळालं, तरी त्यावर आईबापांची नावं नसत.

जमिनी सिडकोने आणि एमआयडीसीने घेतल्या, कारखान्यांत कायम नोकऱ्या कमी होऊन ठेकेदारी वाढली, तेव्हा आखात हाच आमच्या पिढीला जवळचा रस्ता वाटला. माझा थोरला भाऊ त्याच लाटेत शारजाला गेला. त्या काळात तिथल्या छोट्या कंपन्यांत आरोग्य विमा ही चैन होती. सरकारी हेल्थ कार्ड दर वर्षी पैसे भरून काढायचं, ते दाखवून सरकारी दवाखान्यात कमी फीमध्ये तपासून घ्यायचं. तेवढी रजा मिळत नसेल तर कामगारांच्या कॅम्पजवळच्या मल्याळी डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात रात्री जायचं. बहुतेक जण तिसराच मार्ग धरत. दुखणं दाबून ठेवत आणि सुट्टीवर गावी आले की पनवेलला दात, हर्निया, मूतखडा जे असेल ते एकदाच उरकून घेत. परत जाताना बॅगेत वर्षभराच्या गोळ्या. त्यातही धोका होता. कोडीन असलेलं साधं खोकल्याचं औषध तिकडे नियंत्रित यादीत येतं, डॉक्टरची चिठ्ठी जवळ नसेल तर विमानतळावरच अडचण. आणि व्हिसाच्या मेडिकलची धास्ती वेगळीच. छातीच्या एक्स-रेत क्षयाचा जुना डाग दिसला तरी परत पाठवतील या भीतीने लोक खोकलासुद्धा लपवत. आजाराची लाज म्हणून नव्हे. आजार म्हणजे नोकरी जाणं, आणि नोकरी जाणं म्हणजे घरी लागलेले हप्ते थकणं.

मोठा बदल झाला तो कायद्यामुळे. अबुधाबीने २००५ च्या कायद्याने विमा सक्तीचा केला आणि कामगाराबरोबर पत्नी व तीन मुलांचा हप्ताही मालकावर टाकला. दुबईचा कायदा २०१३ चा. तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, आधी हजारावर कामगार असलेल्या कंपन्या, मग शंभरावरच्या, शेवटी छोट्या. कमी पगाराच्या कामगारासाठी मूळ योजनेत वर्षाला दीड लाख दिरहॅमपर्यंतचे उपचार आले. भाऊ तेव्हा दुबईतल्या कंपनीत गेला होता. वहिनी सांगते, तिकडे गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने रक्तातली साखर स्वतःहून तपासून घेतली. माझ्या मते हीच त्या कायद्याची खरी कमाई. मोठी ऑपरेशनं थोड्यांच्या वाट्याला येतात, पण वेळेवर केलेली तपासणी सगळ्यांना लागते.

पण विमा नोकरीला चिकटलेला. काही वर्षांनी दुबईची कंपनी बंद पडली, भाऊ शारजाच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागला आणि विमा गेला. अंतर अर्ध्या तासाचं, हवा तीच, माणूस तोच आणि साखरही तीच. शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांचा विमा सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२५ पासून. मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहॅमपासून सुरू होतो. एवढ्याशा रकमेसाठी इतकी वर्षं गेली, याची मला आजही चीड येते.

मी स्वतः इंग्लंडला गेलो ते २०१५ नंतर, त्यामुळे तिथला नियम मला पहिल्या दिवसापासून पैशात कळला. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेल्या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, उपचाराच्या वेळी पैसे मागत नाहीत. मात्र एप्रिल २०१५ पासून बाहेरून येणाऱ्याने व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरायचा असतो. आधी वर्षाला २०० पौंड, जानेवारी २०१९ पासून ४००, ऑक्टोबर २०२० पासून ६२४, आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. मुलांना आणि विद्यार्थ्यांना ७७६. नवरा-बायको आणि दोन मुलं पाच वर्षांच्या व्हिसावर निघाली, तर आज १८,११० पौंड एकरकमी, विमानाच्या तिकिटाआधी. वर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापले जातातच. ज्यांनी कोविडमध्ये तिथले दवाखाने चालवले त्या परदेशी परिचारिका-डॉक्टरांनाही हा अधिभार होता. मे २०२० मध्ये ओरड झाल्यावर त्यांना तो माफ झाला.

तरीही ती व्यवस्था मी डोक्यावर घेतो, आणि त्याला कारण आहे. मला एका रात्री अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात बराच वेळ थांबावं लागलं, पण पहाटेपर्यंत ऑपरेशन झालं आणि घरी जाताना कुणी बिल पुढे केलं नाही. बाळंतपणातही तेच. मिडवाइफ घरी येऊन बाळाचं वजन करून गेली, बायकोशी निवांत बसून बोलली. आपल्याकडे आशाताई येतात, तशीच ती आली. उलट कंपनीने दिलेल्या खासगी विम्यात ना बाळंतपण होतं, ना आपत्कालीन उपचार, ना मधुमेहासारखा कायमचा आजार. तो उपयोगी पडला गुडघ्याला. एनएचएसच्या रांगेत एमआरआयला महिने लागले असते, खासगीत तो आठवड्यात झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षायादी ७७ लाखांवर गेली होती, तेव्हा ही रांग काही माझ्याच कपाळी नव्हती. ज्याच्याकडे कंपनीचा विमा नाही असा माझा गाववाला तोच गुडघा घेऊन वर्षभर गोदामात उभा राहिला. खासगीने माझी रांग वाचवली, सरकारीने माझा जीव वाचवला. नवीन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगत असे : उतरल्याच्या आठवड्यात घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव, ताप यायची वाट बघू नकोस.

कोविडने सगळ्यांनाच उघडं पाडलं. २३ मार्च २०२० पासून भारतात येणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती दोन वर्षं. मेमध्ये अडकलेल्यांना आणणारी वंदे भारत मोहिमेची उड्डाणं सुरू झाली, पण जागा मिळणं अवघड. ब्रिटनने कोविडचे उपचार पाहुण्यांनाही मोफत ठेवले होते, त्यामुळे आमची काळजी आमच्यासाठी नव्हतीच. फोनवर विचारायचं एकच : आईची गोळी संपली का, बाबांना दम लागतो का? कासाडी नदीच्या काठचं, कारखान्यांच्या धुरातलं आमचं गाव. श्वासाची तक्रार तिथे आधीपासूनच घरोघर होती.

आईबापांना तिकडे बोलवावं तर तो आणखी वेगळा घोर. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपत्कालीन विभागात तपासतात, पण दाखल करून घेतलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल. अमेरिकेत ग्रीन कार्डावर गेलेल्या पासष्टीच्या पुढच्या आईवडिलांना मेडिकेअरसाठी पाच वर्षं सलग राहावं लागतं, तोपर्यंत खासगी विमा. कॅनडाने २०११ च्या अखेरीस सुपर व्हिसा काढला, त्यातही निदान एक लाख डॉलरचा वर्षाचा विमा आधी दाखवायचा. आणि पाहुण्यांच्या विम्यांत जुना रक्तदाब, जुनी साखर बहुतेक वेळा वगळलेली. सत्तरीच्या माणसाला दुसरं होतं काय!

म्हणजे सगळं फिरून नावड्याला येतं. इथे मात्र या काळात चांगलं बरंच झालं. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला मोठी ऑपरेशनं मोफत झाली. आखातातल्या पैशाने ज्यांचं कार्ड पांढरं झालं ते बाहेर राहिले. पुढे योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, पाच लाखांपर्यंत लागू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, मुलगा कुठेही कमावत असो, आयुष्मानचं कार्ड मिळतं. खारघरला २००२ पासून टाटाचं कर्करोग केंद्र, ॲक्ट्रेक, आहे, गावापासून अगदी जवळ. खासगी मेडिक्लेमचीही वयाची पासष्टीची अट गेली, आधीच्या आजारांची प्रतीक्षा चारवरून तीन वर्षांवर आली, हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला.

पण या योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. आईला दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आणि बाबांची तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी त्यांत बसत नाही. तेच तर ईएसआयच्या कार्डावर मिळत होतं. परदेशी जाणाऱ्यांसाठी २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यूला दहा लाख, आजारपणाला एक लाखापर्यंत. ती सक्तीची आहे दहावी न झालेल्यांसाठी, ठरावीक देशांत जाताना. दहावी पास झालेला माझा भाऊ तिच्या बाहेर. तिच्यात घरच्यांना रुग्णालयाचा खर्च मिळतो, पण कामगार मेला किंवा कायमचा अपंग झाला तरच, आणि तोही पत्नीला व दोन मुलांना. आईवडिलांचं नावच नाही.

ईएसआयमध्ये निवृत्त कामगाराला एक सोय आहे. पाच वर्षं विमाधारक असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. तीच सोय नोकरी सोडून परदेशी गेलेल्या कामगाराच्या आईवडिलांना द्यावी. वर्गणी दहापट लावली तरी चालेल. तळोज्यात दहा-दहा वर्षं वर्गणी कापून घेतलेली मुलं शारजा-दोहाहून ती भरायला आज तयार आहेत.