आग्वादच्या जुन्या दीपगृहाचा काल

गोव्यांतील आग्वाद किल्ल्यावरील जुन्या दीपगृहासंबंधानें जी माहिती सर्वत्र छापलेली आढळते, तींतील सनांचा परस्परांशीं मेळ बसत नाहीं. ही विसंगति आमच्या ध्यानांत स्थलदर्शनानंतर आली, तत्पूर्वीं नव्हे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचें वास्तव्य गोंदियास. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. आमचा विषय संस्कृत. परंतु प्रसंगीं भूगोलाचा तासही घ्यावा लागे, आणि ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नाहीं अशा मुलांसाठीं फळ्यावर दीपगृहाचें चित्र काढून त्याखालीं ‘आग्वाद, सन १८६४, आशियांतील सर्वांत जुनें’ असें आम्ही वर्षानुवर्षें लिहीत आलों. सेवानिवृत्तीनंतर तें प्रत्यक्ष पाहावें म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसनें कोल्हापूर व तेथून मोटारीनें पणजी गांठली.

किल्ला बारदेशांत, मांडवीच्या मुखाशीं आहे. त्याचें बांधकाम सन १६०९ त सुरू होऊन १६१२ त पुरें झालें. पोर्तुगीज भाषेंत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. त्यावरून हें नांव. आंतील टांक्यांत २३,७६,००० गॅलन पाणी मावे असें सांगतात, व येणारीं जाणारीं गलबतें तेथून पाणी भरून घेत. या टांक्याच्या आवारांतच दीपगृह उभें आहे : चार मजली, वाटोळें, पांढरें, आणि चित्रावरून कल्पना होते त्यापेक्षां पुष्कळच ठेंगणें. टेकाडाची उंचीच कामास येत असल्यामुळें मनोऱ्यास उंचीची गरज नव्हती. आंत जाण्यास मज्जाव असल्यानें आम्हांस बाहेरूनच प्रदक्षिणा घालावी लागली. शेजारीं नवें दीपगृह झाल्यावर सन १९७६ त यांतील दीप कायमचा मालवला.

आतां सन पाहूं. मनोरा १८६४ त (शके १७८६) उभारला असें म्हणतात. पूर्वीं याचा प्रकाश दर सात मिनिटांनीं एकदां दिसे, तो १८३४ त दर तीस सेकंदांनीं दिसूं लागला, असेंही त्याच लेखांत त्याच परिच्छेदांत लिहिलेलें असतें. म्हणजे सुधारणा आधीं व बांधणी तीस वर्षांनंतर! हें वाक्य किती जणांनीं उतरून घेतलें असेल देव जाणे. उतरून घेणाऱ्यांत आम्हीही होतोंच.

पोथीच्या पाठांत असा विरोध आला म्हणजे लेखकप्रमाद मानण्याकडे मन धांवतें. १८३४ हा १८८४ चा अपपाठ असेल, म्हणजे सर्व सुरळीत होतें. परंतु येथें दुसरा एक साक्षी आडवा येतो. जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टिनच्या मठाची मोठी घंटा, मठ ओस पडल्यावर, सन १८४१ त आग्वादच्या दीपगृहांत नेली व १८७१ त ती पणजीच्या चर्चवर चढविली, अशी त्या घंटेची हकीकत आहे. मठ १८३५ त बंद झाला व त्याचें छत १८४२ त कोसळलें, या गोष्टींशीं १८४१ हा सन नीट जुळतो. घंटेची हकीकत चर्चच्या परंपरेंतून आलेली; दीपाची तशी नव्हे. दोन निरनिराळ्या वाटांनीं आलेले साक्षी १८६४ च्या पूर्वीं तेथें दीपगृह होतें असें सांगत असतां त्यांतील एकास अपपाठ म्हणून बाजूस सारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

तीस सेकंदांचा पालट त्या काळीं अशक्यही नव्हता. फ्रान्सांत कॉर्दुआंच्या दीपगृहांत फ्रेनेलचें भिंग १८२३ त बसलें होतें. सात मिनिटांचा अवधि तर खलाशांच्या दृष्टीनें फारच लांब. ताशीं आठ मैल चालणारें जहाज तेवढ्या वेळांत जवळ जवळ मैलभर पुढें जातें; दीप आपलाच कीं दुसरा, हें ओळखेपर्यंत खडक जवळ यावयाचा. अशी पद्धत फार दिवस टिकणें कठीणच.

तात्पर्य, १८६४ हा सन आरंभाचा नसून पुनर्बांधणीचा असावा असें आमचें मत झालें आहे. देवळांच्या बाबतींत हा अनुभव सर्वांस आहे : जीर्णोद्धाराचा शिलालेख दारावर असतो, आणि पुढील पिढ्या त्यासच मूळ स्थापनेचा काल समजतात.

‘आशियांतील सर्वांत जुनें’ या बिरुदाविषयीं फारसें लिहावयास नको. मुंबईस कुलाब्याच्या टोकावर अठराव्या शतकांतच दीप लागला होता. ‘आपल्या प्रकारचें’ असे दोन शब्द या बिरुदास कोणी कोणी जोडतात. तो प्रकार कोणता तें मात्र सांगत नाहींत.

गोवा सरकारचें ‘बोलेतीं’ हें राजपत्र सन १८३७ पासून निघूं लागलें. घंटा हलविली तें वर्ष व मनोऱ्याचें वर्ष, हीं दोन्ही त्याच्या कालमर्यादेंत येतात, आणि दीपांतील फेरबदल खलाशांस कळविणें हें सरकारी कामच होतें. ज्या संग्राहकांजवळ १८४१ किंवा १८६४ सालचे अंक असतील त्यांनीं ‘फारोल’ म्हणजे दीपगृह हा शब्द त्यांत शोधावा व जें सांपडेल तें येथें प्रसिद्ध करावें.