सुट्टीतली पहिली नोकरी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतून दोन विषय हमखास निघतात : भारतवारीची तिकिटे आणि एस.ए.टी.चा क्लास. मुलाने किराणा दुकानात काम करतो म्हटले, की आपला चेहरा जरा उतरतो. "आपल्याला काय कमी आहे?" कमी काहीच नाही. पण या नोकरीचा खरा फायदा पगारात नसतोच.

कामाचा भाग म्हणून मी नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेते. गुण बहुतेकांचे उत्तम असतात. "चिडलेल्या माणसाशी कधी गाठ पडली, तेव्हा काय केलेत?" असे विचारले की फरक कळतो. दोन उन्हाळे आइस्क्रीमच्या दुकानात काढलेल्या मुलीकडे सांगण्यासारखे काही असते. शिवाय तिच्याबद्दल चार शब्द सांगायला घरचे आणि शिक्षक सोडून तिसरे माणूस असते, ते म्हणजे तिचा मॅनेजर.

नियम आधी पाहून घ्या. केंद्रीय कायद्याने बहुतेक नोकऱ्यांसाठी किमान वय १४ आहे. १४-१५ वर्षांच्या मुलांना सुट्टीत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तासांपर्यंत काम करता येते; १ जून ते लेबर डे या काळात रात्री ९ पर्यंत. डेलीतले मांस कापायचे यंत्र १८ वर्षांखालील मुलांनी चालवायचे नाही. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत १८ वर्षांखालील मुलांना 'वर्किंग पेपर्स' लागतात. पोहण्याचे तलाव आणि समर कॅम्प यांची भरती लवकर होते, म्हणून अर्ज मार्चपर्यंत गेलेला बरा. रेडक्रॉसचे लाइफगार्ड प्रशिक्षण १५व्या वर्षापासून घेता येते.

आता महत्त्वाची सूचना. आपल्यापैकी अनेक घरांतली मुले एच-४ व्हिसावर आहेत. त्यांना पगारी काम करता येत नाही. शेजाऱ्यांचे गवत कापून रोख पैसे घेणेही नको. ग्रीन कार्डच्या वेळी ते अडचणीचे ठरू शकते. ज्या कामाला एरवी पगारी माणूस ठेवतात, ते ओळखीच्यांच्या कंपनीत 'फुकट' करणेही टाळावे. शंका असेल तर वकिलाला विचारा. पण या मुलांनी निराश होऊ नये. वाचनालय, फूड बँक, हॉस्पिटल अशा ठिकाणी स्वयंसेवकांची गरज असते. तिथे वेळेवर जाणे, अनोळखी माणसांशी बोलणे आणि सुपरवायझरचे शिफारसपत्र या तिन्ही गोष्टी मिळतात. मुलाखत घेणाऱ्याच्या लेखी त्या नोकरीइतक्याच मोलाच्या आहेत.

पगार मिळणाऱ्यांसाठी थोडे पैशांचे. पहिल्या चेकमधून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जातात, ते परत मिळत नाहीत. इन्कम टॅक्स कापला असेल आणि वर्षाची कमाई फक्त पगाराची व स्टँडर्ड डिडक्शनच्या आत असेल (२०२५ साली ही मर्यादा १५,७५० डॉलर्स होती), तर रिटर्न भरून तो परत मिळवता येतो. म्हणून डब्ल्यू-२ जपून ठेवा. तसेच कमाईइतकी रक्कम रॉथ आय.आर.ए.मध्ये टाकता येते. २०२५ साली कमाल ७,००० डॉलर्स होती. मुलाने २,००० कमावले, तर २,०००च टाकता येतील, मात्र ते पैसे आजीआजोबांनी भेट दिलेले असले तरी चालतात. मूल अज्ञान असेल तर खाते पालकांनी त्याच्या वतीने उघडावे.

शेवटी पालकांना एक विनंती. अर्ज मुलांनाच भरू द्या, फोनही त्यांनाच करू द्या. आपण गाडीने सोडायला जावे, पण दुकानाबाहेरच थांबावे. नकार आला तर तोही त्यांनाच ऐकू द्या. पुढच्या दुकानात ते जरा अधिक ठामपणे बोलतील.