मॉनिटर वाजतो तेव्हा

आयसीयूच्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या आपल्या माणसांना आतला ‘टिट्-टिट्’ रात्रभर ऐकू येतो. आवाज वाढला की छातीत धस्स होतं, थांबला की त्याहून जास्त. विचारायला जावं तर ‘बाहेर थांबा’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून या वेळी त्या आवाजांविषयी.

एक ‘टिट्’ म्हणजे हृदयाचा एक ठोका. बोटाला चिमटा लावलेला असला, तर बहुतेक मॉनिटरवर त्या आवाजाचा सूरही बोलतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की सूर खाली येतो. शेजारच्या पेशंटला इंजेक्शन देणारी सिस्टर मध्येच वळून बघते, ती स्क्रीन पाहून नव्हे, सूर ऐकून. भूल देणारे डॉक्टर तर ऑपरेशनभर एक कान तिकडे ठेवतात. बोटातून ऑक्सिजन मोजण्याचं हे तत्त्व १९७४ मध्ये जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडलं.

अलार्म वेगळा. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे लवकर बघा. पण वाजणारे बरेचसे अलार्म खोटे असतात. पेशंटने हात हलवला, बोटं गार पडली, नेलपॉलिश राहिलं, तरी मशीन ओरडतं. छातीवरची चिकटपट्टी सुटली की ठोक्यांची रेघ सपाट दिसते आणि पेशंट मात्र पाणी मागत असतो! म्हणून आम्हाला शिकवलेलं असतं, आधी माणूस बघा: छाती हलते का, नाडी लागते का, मग मशीन.

खोटे अलार्म ऐकून ऐकून कान बधिर होतात आणि खरा अलार्म निसटतो, हा जगभरच्या आयसीयूंचा प्रश्न आहे. त्यात एका सिस्टरकडे पाच-सहा पेशंट असले तर काय होणार? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स असावी, असा मापदंड आहे. रिकामी पदं भरा म्हणून मोर्चा काढावा; रात्रपाळीच्या सिस्टरशी भांडून ती भरत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, बोटावरचं यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट आढळलं. आपल्यातही अनेकांचा वर्ण काळासावळा. आकडा ९४ आहे, अलार्म गप्प आहे, पण माणूस धापा टाकतोय, बोलताना वाक्य तोडतोय, तर तसं सांगा. धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, करायची का, हेही विचारा. काळ्या त्वचेवर निळेपणा दिसत नाही. जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा.

आत सोडलं तर अलार्मचं बटण मात्र दाबू नका. आवाज थोडा वेळ बंद होतो, कारण तसंच राहतं. सिरिंज पंप वाजला तर लगेच हाक मारा. त्यात रक्तदाब टिकवणारं औषध असेल तर मिनिटं मोजून असतात. हाक मारताना ‘मशीन वाजतंय’ एवढंच नको. ‘सिस्टर, आईला घाम फुटलाय, हाक मारली तर ओ देत नाही’ असं सांगा, पावलं लवकर वळतात.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत माहितीचा हक्क पहिला आहे. राउंडची वेळ विचारून ठेवा, घरातल्या एकानेच बोला, सांगितलेलं वहीत लिहा. वही नसेल तर केसपेपरच्या झेरॉक्सची मागची बाजू चालते.