एक दात मागे

सकाळचे ८. मे महिन्यात आमचं शटर आठलाच वर जातं, कारण भर दुपारी बॉनेटला हात लावायची सोय नसते. आज त्याआधीच अकोल्याची पेट्रोल स्विफ्ट दारात उभी होती. काका निवृत्त मास्तर, मुलीकडे गाडगे नगरला आलेले. अकोला–अमरावती एरवी दोन तासांचं. त्यांना तीन लागले.

"महिना झाला भाऊ, तिकडं चेन बदलली. खडखड गेली, पण पिकअप काही आला नाही. बोरगावच्या पुलावर तिसऱ्यात टाका लागते."

म्हटलं, "बसा काका. गाडी भेटन, पण सांजच्याले."

"एक दात चुकला असन ना? सरकवाले कितीक वेळ लागते?"

"सरकवाले दहा मिनिटं. तिथवर पोचाले दिवस."

काकांना ते पटलेलं दिसलं नाही. चहा मात्र घेतला.

८:४५. स्कॅनर लावला. पी-००१६. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर यांचा मेळ बसत नाही, एवढंच हा कोड सांगतो. दात चुकला, चेन सैल पडली की सेन्सरच गेला, ते आपण शोधायचं. कोड पुसून सेन्सर विकणारे आहेतच.

म्हणून चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर नऊच्या आसपास, जिथं बाराच्या वर हवं. आकडा वाईट, पण मला बरं वाटलं. व्हॉल्व्ह वाकला असता तर एखादं सिलिंडर शून्याकडे गेलं असतं. चारही सारखेच कमी म्हणजे इन्टेकचे व्हॉल्व्ह उशिरा मिटतात आणि पिस्टन वर येताना थोडी हवा परत बाहेर जाते. हेड उतरवायचं काम नाही. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात. एका दाताच्या चुकीवर सहसा निभावतं, तीन-चार दात सरकले की ठोकर बसते आणि खर्च कितीतरी पट होतो.

९:३० ते १. खोलणं. यात सांगण्यासारखं फार नाही, घाम आहे. ऑइल काढलं, चेंबरखाली लाकडी फळी देऊन जॅकवर इंजिन तोललं, उजवं माउंटिंग सोडलं, फॅन बेल्ट, टॅपेट कव्हर. क्रँक पुलीचा बोल्ट पाइप लावून दोघांनी तोडला. 'तोडला' म्हणजे हलवला. आमच्या धंद्यात शब्द जरा तापटच.

जुन्या मारुती ८०० ला चेन नव्हती, पट्टा होता. प्लास्टिकचं कव्हर काढलं की समोर. दोन तासांत नवा चढवून पोट्टा जेवायला मोकळा. चेन मात्र इंजिनाच्या पोटात, ऑइलमध्ये. ती आयुष्यभर टिकते असं गाडी विकताना सांगतात. कोणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाहीत. तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. आपल्याकडची धूळ, पंचेचाळीसचं ऊन आणि 'अजून दोन हजार चालून जाईल' म्हणत पुढे ढकललेलं ऑइल. मग ऑइलचा गाळ होतो आणि चेनच्या प्रत्येक सांध्याची पिन थोडी थोडी झिजते. चेन ताणली म्हणतात, पण लोखंड ताणलेलं नसतं. सगळ्या सांध्यांतली केसाएवढी झीज एकत्र आलेली असते.

१:१०. टायमिंग कव्हर निघालं. एक नंबरचा पिस्टन टॉपवर आणला, क्रँकची खूण ब्लॉकच्या खुणेवर बसवली आणि वर पाहिलं. दोन्ही कॅमच्या खुणा एकेक दात मागे. चेनवर आणि तिन्ही चक्रांवर व्हाइटनरचे पांढरे ठिपके. ते मात्र एकमेकांशी अगदी जुळलेले.

पोट्टा म्हणाला, "उस्ताद, निशाण तं बरोबर हाये!"

घोळ तिथंच होता. जुनी चेन सैल होऊन आधीच एक दात सरकली असणार. खोलणाऱ्यानं ती आहे तिथं व्हाइटनर लावला आणि नवी चेन त्याच ठिपक्यांवर चढवली. जुनी चूक अगदी प्रामाणिकपणे उतरवून घेतली. खडखड गेली, कारण चेन नवी होती. पिकअप आला नाही, कारण दात तोच होता. त्या माणसाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पहिल्या वर्षी मीही व्हाइटनरचीच बाटली खिशात घेऊन फिरायचो.

एका दाताचा हिशेब काकांना खडूनं फरशीवर मांडून दाखवला. समजा कॅमच्या चक्राला ३६ दात. एक दात म्हणजे कॅमचे १० अंश. कॅम एकदा फिरतो तेव्हा क्रँक दोनदा, म्हणून क्रँकचे २०. मास्तरांनी खडू घेऊन खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "म्हणजे घंटा झाल्यावर पोरगं वर्गात येते."

२ ते ३:१५. डबा. ज्वारीची भाकर, ठेचा. कूलरसमोरून कोणी उठायला तयार नाही.

३:१५. टेन्शनरचा दांडा आत दाबून पिन घातली, चेन उतरवली. इथं हात सांभाळावा लागतो. चेन निघाली की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला धक्का देतात आणि तो आपोआप झटकन फिरतो. पाना लावून दोन्ही कॅम कंपनीच्या कोरीव खुणेवर धरले. व्हाइटनर थिनरनं पुसून टाकला. चेनवरच्या रंगीत कड्या चक्रांच्या खुणांवर बसवल्या. गाइडच्या बाजूनं चेन ताठ, सगळी ढील टेन्शनरकडे. गाइडकडे ढील राहिली तर पिन ओढल्याबरोबर खुणा हलतात. पिन ओढली. घड्याळात ३:२६.

मग क्रँक हातानं दोन फेऱ्या. स्टार्टरनं नाही, हातानंच. काही अडलं तर मनगटाला कळतं, स्टार्टरला कळत नाही. दोन फेऱ्यांनंतर पोट्टा घाबरला, रंगीत कड्या भलतीकडेच गेल्या होत्या. जाणारच. त्या फक्त बसवण्यापुरत्या. पुन्हा तिथं यायला त्यांना बऱ्याच फेऱ्या लागतात. बघायच्या त्या चक्रांवरच्या खुणा. त्या तिन्ही जागेवर. तरी आणखी दोन फेऱ्या, आणि मग त्याच्या हातून दोन.

४ ते ८. जुनं सिलिकॉन खरवडणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एक कण राहिला तर तिथूनच ऑइल झिरपतं. कव्हर, चेंबर, पुलीचा बोल्ट टॉर्क पान्यानं, माउंटिंग. सिलिकॉन धरेपर्यंत तास-दीड तास गाडी तशीच. काका तेवढ्यात राजकमल चौकात जाऊन गिला वडा खाऊन आले, दोन आमच्यासाठी बांधून.

८:०५. ऑइल भरून चावी. पहिले दोन-तीन सेकंद खडखड. काकांचा चेहरा उतरला. टेन्शनरमध्ये ऑइल पोचलं आणि आवाज बंद. कोड पुसला, परत आला नाही.

८:४०. बडनेऱ्याच्या पुढे लोणीकडे. २०२२ च्या जूनमध्ये याच लोणी–माना पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. तेव्हापासून गाडी पारखायला आम्ही इकडेच येतो. काका चालवत होते. पुलाच्या चढावर हात सवयीनं गिअरकडे गेला, तिथंच थांबला. गाडी चौथ्यातच वर चढली.

"आता असाच निघू का अकोल्याले?"

"नाही काका. आज मुलीकडं जा रिक्षानं."

९:३०. इंजिनाखाली कोरा पुठ्ठा टाकून शटर ओढलं. सकाळी पुठ्ठा कोरडा दिसला तरच अकोला.