ॲनालॉग कॉम्प्रेसरचे सॉफ्टवेअर-अनुकरण

ॲनालॉग कॉम्प्रेसरचे सॉफ्टवेअर-अनुकरण म्हणजे ध्वनीची पातळी आटोक्यात ठेवणाऱ्या जुन्या विद्युतयंत्रांचे वर्तन गणिती प्रारूपाच्या साहाय्याने संगणकात घडवून आणणे. अशी आज्ञावली ध्वनिमुद्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरला जोडून वापरतात. म्हणून तिला प्लग-इन असे म्हणतात.

पार्श्वभूमी

कॉम्प्रेसर हे यंत्र मोठ्या आणि लहान आवाजांमधील अंतर कमी करते. ध्वनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेला की वरचा भाग ठराविक प्रमाणात दाबला जातो. प्रमाण ४:१ असेल, तर मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो.

या यंत्राचा उगम संगीताच्या आवडीत नसून नभोवाणीच्या गरजेत आहे. परभणीचे आकाशवाणी केंद्र मध्यमलहरींवर १३०५ किलोहर्ट्झला ऐकू येते. अशा प्रक्षेपणात आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीचा आयाम बदलतो. आवाज मर्यादेपलीकडे गेल्यास लहर क्षणभर तुटते आणि झरीसारख्या गावातील श्रोत्याला तो फाटलेला ऐकू येतो. फार लहान ठेवल्यास तो खरखरीत बुडतो. बोलपटांचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत उमटवला जाई, तेथेही हीच अडचण होती. १९३० च्या दशकात अमेरिकेतील नभोवाणीत स्वयंचलित मर्यादक यंत्रे वापरात आली. त्यांची गोडी संगीतकारांना पुढे लागली.

मूळ यंत्रे

अनुकरणासाठी तीन यंत्रे विशेषेकरून निवडली जातात. राइन नार्मा यांनी रचलेल्या फेअरचाइल्ड ६७० मध्ये २० निर्वात नलिका असून त्याचे वजन सुमारे ३० किलो भरते. त्याच घराण्यातील ६६० हे यंत्र लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत वापरले गेले. बिल पुटनम यांचे ११७६ हे यंत्र १९६७ मध्ये आले. त्यात नलिकेऐवजी ट्रान्झिस्टर आहे आणि ते अत्यंत चपळ आहे. त्याच्या खटक्यांची उलटी दिशा नवशिक्यांना हमखास चकवते. घुंडी जितकी पुढे फिरवावी, तितकी यंत्राची प्रतिक्रिया जलद होते. बहुतेक प्लग-इनांनी ही उलटी दिशाही जशीच्या तशी ठेवली आहे.

तिसरे यंत्र जिम लॉरेन्स यांचे टेलिट्रॉनिक्स एलए-२ए. यात ध्वनीच्या पातळीनुसार एक पट्टी उजळते आणि तिच्यासमोरील कॅडमियम सल्फाइडचा प्रकाशसंवेदी रोधक तो उजेड पाहून आवाज कमी करतो. उजेड मावळला तरी रोधक तत्काळ पूर्वपदावर येत नाही. निम्मा परिणाम साधारण ६० मिलीसेकंदांत ओसरतो, उरलेल्यास काही सेकंदही लागतात. आणि आधीचा आवाज जितका वेळ मोठा राहिला असेल, तितका हा काळ लांबतो. यंत्राला जणू स्मृती असते. गाणाऱ्याच्या आवाजावर ते सुखद वाटते, याचे श्रेय या रेंगाळण्याला द्यावे लागेल.

अनुकरणातील अडचणी

मर्यादा आणि प्रमाण यांचा नियम संगणकात लिहिणे सोपे आहे. कठीण आहेत ते जुन्या यंत्राचे दोष, आणि लोकांना हवे असतात तेच. पहिली अडचण काळाची आहे. ११७६ ची सर्वांत जलद प्रतिक्रिया २० मायक्रोसेकंदांची असते. संगणकात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. म्हणजे ढोलकीची थाप पडल्यावर मूळ यंत्र जे करून मोकळे होते, ते या दोन नमुन्यांच्या फटीत घडून गेलेले असते.

दुसरी अडचण वर्तुळाची. ही तिन्ही यंत्रे बाहेर पडणारा आवाज पाहून आत येणाऱ्या आवाजावर नियंत्रण ठेवतात. उत्तर काढण्यासाठी उत्तरच आधी ठाऊक असावे लागते. विद्युतप्रवाहाला याची अडचण नसते. संगणकाला मात्र प्रत्येक नमुन्यापाशी समीकरण सोडवावे लागते किंवा एका नमुन्याचा विलंब पत्करावा लागतो. विलंब पत्करला की जलद प्रतिक्रियेचे वळण बदलते.

तिसरी अडचण विरूपणाची. नलिका व ट्रान्झिस्टर मूळ स्वराच्या पटीतील नवे उपस्वर निर्माण करतात. वरील नमुनादरात २२,०५० हर्ट्झपलीकडचे उपस्वर मावत नाहीत. ते परत फिरून खालच्या, बेसूर ठिकाणी उमटतात. यावर उपाय म्हणून आतल्या आत नमुन्यांची संख्या कित्येक पटींनी वाढवून गणना केली जाते. त्यामुळे संगणकावरचा भार वाढतो.

पद्धती

एका पद्धतीत विद्युतमंडलातील प्रत्येक घटकाचे समीकरण मांडले जाते. यासाठी आल्फ्रेड फेटवाइस यांनी १९७० च्या दशकात मांडलेले तरंग-अंकीय गाळणीचे तंत्र उपयोगी पडते. दुसऱ्या पद्धतीत यंत्राच्या आत न डोकावता आत गेलेला आणि बाहेर आलेला ध्वनी यांच्या तुलनेवरून प्रारूप बांधतात. २०१९ मधील सिग्नलट्रेन या संशोधनात एलए-२ए चे वर्तन कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याला अशा प्रकारे शिकवण्यात आले. व्यवहारात दोहोंची सरमिसळ अधिक आढळते.

प्रसार व मूल्यमापन

१९९० च्या दशकाच्या अखेरीस बॉम्ब फॅक्टरी या कंपनीने या यंत्रांची प्लग-इने आणली. पुटनम यांच्या पुत्रांनी १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी पुन्हा उभी केली. तिच्यामुळे मूळ यंत्राचा वारस आणि संगणकीय नक्कल एकाच छताखाली आली. इतर कंपन्या व्यापारचिन्हाच्या कारणास्तव नावे किंचित बदलतात. वेव्हज कंपनीचे पुइगचाइल्ड हे त्याचे उदाहरण.

या प्लग-इनांमुळे घरी भजन वा लावणी मुद्रित करणाऱ्यालाही एका फेअरचाइल्डच्या किमतीचा विचार न करता त्याच्यासारखा परिणाम दहा स्वरपटांवर एकाच वेळी वापरता येतो. मूळ यंत्र एका वेळी एकाच कामास जुंपता येई. मात्र ‘हुबेहूब’ या जाहिरातीतील शब्दाकडे सावधपणे पाहावे. जुनी यंत्रे झिजलेली असतात आणि कोणतेही प्लग-इन विशिष्ट एका नगाची नक्कल असते. म्हणून एकाच यंत्राची दोन अनुकरणे वेगळी वाजतात. साम्य तपासण्यासाठी दोन मुद्रणांपैकी एकाची कला उलटवून ती एकत्र वाजवतात. जे ऐकू येईल तो फरक. ही कसोटी अनुकरणापुरतीच कठोर नाही. खरखर दर वेळी निराळी असल्याने मूळ यंत्रातून दोनदा मुद्रित केलेला ध्वनीही एकमेकांना पूर्णपणे खोडून काढत नाही.